तीन घरं पुढे

गिटारवाल्यांनी आपल्या गिटारीला काय लावावं हा त्यांचा प्रश्न आहे, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. कुणी रंगीत पट्टा लावतं, कुणी तारांचे शेंडे न कापता तसेच मोकाट सोडतं आणि शेजारच्याचा डोळा फोडायला बघतं. चालायचंच. पण गेल्या दोन वर्षांत एका चिमट्याने मला जेवढं दमवलं तेवढं शुगर फॅक्टरीने सत्तावीस वर्षांत दमवलं नाही. त्याला कॅपो म्हणतात. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तसाच चिमटा, जरा दणकट. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या रेघांनी घरं पाडलेली असतात; त्यातल्या एका घरात तो आवळला की तारा तिथून पुढे चालू होतात, सूर चढतो, आणि वाजवणाऱ्याची बोटं मात्र नेहमीच्याच ठेवणीत राहतात. त्याची सोय होते. शेजारी बेस घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

प्रवरेकाठच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये मी तीस वर्षं बेस गिटार वाजवतोय. चार जाड तारा, आणि एका वेळी एकच स्वर. मी बेस घेतला कारण माझी बोटं जाड होती आणि दुसरं कुणी तो हातात घेईना. बेस बरोबर वाजला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकला तर मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या म्हातारीलाही कळतं. या कामात कौतुक नाही. मला ते कधी हवंही नव्हतं. रविवारी सकाळी माझा एक स्वर पायाखालच्या फरशीत उतरतो आणि त्यावर शंभर माणसं उभी राहून गातात, एवढं मला पुरत होतं.

फॅक्टरीत मी मिलवर होतो. हंगामात चोवीस तास तो खडखडाट. कानात कापूस घाला, असा फलक होता आणि कापूस घालणाऱ्याला आम्ही सगळे हसायचो. मीही हसलो. सहा वर्षांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा कागद काढून दाखवला, त्यावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले, ते म्हणाले. म्हणजे माझा बेस मला छान ऐकू येतो. ज्यांच्यासाठी तो वाजवायचा, ते ऐकू येत नाहीत. कानाला मशीन लावून पाहिलं. त्यातून चर्चमधलं गाणं पत्र्यावर खडे पडावेत तसं येतं, म्हणून ते कपाटात गेलं. हे फक्त बायकोला माहीत होतं. बाकीच्यांसमोर मी ओठ बघायचो, आणि ओठही कळले नाहीत तर मान हलवायचो. मान हलवणाऱ्या माणसाला लोक शहाणा समजतात, हा माझा अनुभव आहे.

वाजवायचं कसं, तर डोळ्यांनी. आमचा जुना गिटारवाला पोस्टात होता, माझा मित्र. त्याला सात-आठ कॉर्ड, म्हणजे बोटांच्या ठेवणी, येत आणि तो त्यांच्याबाहेर कधी गेला नाही. त्याचा डावा हात मी छापील अक्षरासारखा वाचायचो. बोटं अशी पडली की जी, अशी पडली की सी. त्याने बोट उचलायच्या आत माझं बोट पुढच्या घरात पोचलेलं असे. पेटीवर आमचे मास्तर, शाळेतून निवृत्त, ते पेटीवाल्यांच्या भाषेत पट्टी सांगत, काळी चार, पांढरी एक, पण त्यांच्या मिशा ओठांवर आलेल्या. विचारायचं म्हटलं तर उत्तर ऐकू यायला हवं. मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यामुळे मास्तर गावभर सांगत, "याचा कान बघा. पट्टी विचारायची गरज पडत नाही."

मग मित्र पुण्याला मुलीकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी सिस्टर आल्या. मिरजेकडच्या, तिशीच्या, इकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलेल्या. गिटार वाजवत आणि गातही. चांगल्या गातात हे मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. पहिल्याच रविवारी त्यांनी तिसऱ्या घरात चिमटा लावला आणि जी-ची बोटं ठेवली. मीही जी वाजवला. पण चिमट्यामुळे त्यांचा जी तीन घरं वर गेला होता, पेटीच्या काळी पाचवर. अख्खं एक कडवं मी एकीकडे आणि चर्च दुसरीकडे. मास्तरांनी भाता थांबवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला समजलं.

उपासना संपल्यावर सिस्टर माझ्यापाशी आल्या. जवळ उभ्या राहून, तोंड समोर ठेवून त्या बोलत, त्यामुळे त्यांचं बरंचसं कळे.

"सॉरी काका. कॅपो लावलाय हे मी आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

मी म्हटलं, "असू द्या, असू द्या." वयाने मोठ्या माणसासारखं म्हटलं.

पन्नाशी उलटल्यावर मी पाढे पाठ करायला लागलो. चिमटा दुसऱ्या घरात, तर बोटं दिसतात त्याच्या दोन घरं पुढे. चिमटा तिसऱ्यात, तीन घरं पुढे. पाचव्यात असला की अंगावर काटाच यायचा. एक चिठ्ठी लिहून बेसच्या वरच्या कडेला चिकटवली. गाणं सुरू व्हायच्या आधी चिमटा बघायचा, मग बोटं बघायची, मग बेरीज, मग वाजवायचं, आणि एवढं होईपर्यंत दुसरी कॉर्ड आलेली. घरी येऊन मी आडवा व्हायचो. बायको म्हणायची, "देवाचं गानं वाजवून आलात का ऊस तोडून?" पण चुका थांबल्या. मास्तर खूश, सिस्टर खूश.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण गिटारवाल्यांना चैन म्हणून पडत नाही. सिस्टरांनी तारा वेगळ्याच लावायला सुरुवात केली. एखादी तार सैल, कधी दोन, कधी सगळ्या. तारा बदलल्या की बोटांची ठेवणही बदलते. एक बोट आडवं टाकतात आणि म्हणे झाली कॉर्ड. मला त्या हातात काही वाचताच येईना. त्या गाण्यांना मी बेसचा आवाज बारीक करून नुसताच उभा राहायचो. एका शनिवारी प्रॅक्टिसनंतर चहा घेताना मी वैतागून म्हटलं, "सिस्टर, नेहमीच्या तारांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

त्या हसल्या. मग कप ठेवून म्हणाल्या, "सैल तारांचा आवाज मऊ येतो, काका. बारा तास वॉर्डात काढून खोलीवर येते, तेव्हा तेवढंच बरं वाटतं. इथे माझं कुणी नाही. आठवडाभर मी या शनिवारची वाट बघते."

मीही शनिवारचीच वाट बघायचो, पण मनात धास्ती घेऊन.

हंगामाचा सण आला. त्या रविवारी लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. चर्च खच्चून भरलं होतं. शेवटच्या गाण्याआधी सिस्टर खुंट्या पिळताना मला दिसल्या. गिटारवाले दर गाण्याआधी खुंट्या पिळतातच, मला वाटलं सूर जुळवतायत. प्रत्यक्षात त्यांनी सगळ्या तारा दोन घरं उतरवल्या होत्या. मग चिमटा लावला, तिसऱ्या घरात. बोटं जी-ची. मी चिठ्ठी पाहिली आणि तीन घरं पुढे गेलो. दोन उतरून तीन चढल्या, म्हणजे त्या एकच घर पुढे होत्या. ऐकू येणाऱ्याला हे पहिल्या ठोक्यालाच कळलं असतं. मला माझा बेस ऐकू येत होता, आणि सणाचा दिवस म्हणून मी तो जोरात वाजवला.

बायका बेसबरोबर गेल्या, पुरुष पेटीबरोबर, हे मला नंतर बायकोने सांगितलं. दुसऱ्या कडव्यात गाणं मोडलं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी हात वर केला आणि सरळ प्रार्थना सुरू केली.

नंतर बाहेर आवारात मंडळी जमली. चर्चच्या पंचांपैकी एकजण, मोठे बागायतदार, हातवारे करत सिस्टरांकडे बघून बोलत होते. मग ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. कोंबड्यांचा कलकलाट, पोरांचा गोंगाट, मला काही उमजलं नाही. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मग त्या गिटार घेऊन निघून गेल्या.

घरी बायको माझ्या डाव्या कानाशी आली. "अहो, काय केलंत हे? ते इचारत हुते, ह्या चिमट्यामुळंच घोळ झाला ना. तुमी व्हय म्हनून मान डोलावली. दोनदा. आता पुढच्या रविवारपासून तिनं खाली बसून गावं म्हनत्यात, गिटार नको."

मला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, खरं सांगतो, हायसं वाटलं. चिमटा गेला. सैल तारा गेल्या. आता मास्तरांचा एखादा जुना विद्यार्थी येईल, सात कॉर्ड वाजवेल, आणि मला पुन्हा वाचता येईल. सोमवार ते शुक्रवार मी हेच स्वतःला सांगत होतो. पण जेवण जात नव्हतं. एका मुलीचा शनिवार मी खाल्ला होता, तोही तोंड न उघडता.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये गेलो. मास्तर पेटी पुसत होते, पाळकसाहेब आणि ते बागायतदार पंच पुढच्या बाकावर होते. सिस्टर गाण्याची पुस्तकं परत द्यायला आल्या होत्या. गिटार खांद्याला तशीच, दवाखान्यातून थेट आलेल्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बसलो तर बोलणं व्हायचं नाही म्हणून मी उभ्यानेच सांगून टाकलं. रविवारी चूक माझी होती. मला सहा वर्षं ऐकू येत नाही. मी हात बघून वाजवतो.

पंच हसले. ते सावकाश बोलले म्हणून समजलं. "लई मोठं मन हाय तुमचं. पन पोरीची चूक अंगावर कशाला घेता?"

मास्तर उठून जवळ आले. "अरे, तुझा कान मी गावभर सांगतो. तीस वर्षं एक स्वर इकडचा तिकडे नाही. दया दाखवायची तर दुसरी रीत आहे."

माणसाने तीस वर्षं खोटं चांगलं वाजवलं की त्याचं खरं कुणी धरत नाही. मी वाद घातला नाही, माझ्यात तेवढा दम उरला नव्हता. मी सिस्टरांना म्हटलं, "गिटार काढा. चिमटा कुठेही लावा, तारा कशाही लावा. साधंच गाणं घ्या, आपलं रोजचं." आणि मास्तरांना म्हटलं, "तुम्ही पट्टी धरा." बेस गळ्यात घातला, आवाज नेहमीएवढा ठेवला, आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. मास्तरांनी खांद्यावर थाप मारली, म्हणजे सुरू झालं.

समोर चुन्याची भिंत. बघायला काही नाही. मी अंदाजाने सुरुवात केली, पांढरी दोन असेल असं धरून, आणि गाणं मनात म्हणत गेलो. पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं. बेस बरगडीला लागत होता, फरशी पायाखाली थरथरत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मी बेरीज न करता वाजवत होतो. मला वाटलं, जमतंय. मला वाटलं, कदाचित मी समजतो तेवढं वाईट नाही, आणि मी रंगात येऊन तिसरं कडवंही घेतलं. शेवटचा स्वर लांबवला, तो विझू दिला, आणि वळलो.

पंच खाली मान घालून बसले होते. पाळकसाहेब सिस्टरांना काहीतरी म्हणाले, त्यातलं "उद्या या" एवढं मला ओठांवर दिसलं. पेटीचा भाता मिटलेला होता. सिस्टरांची गिटार बाकावर आडवी ठेवलेली होती, आणि त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते. त्यांनी थांबून किती वेळ झाला होता, मी किती कडवी एकटाच वाजवत होतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.