देवळातला दुसरा टेक

कापूर पेटला की मला देव आठवायला हवा, पण आठवतो तो माझा चुलत दीर. बरीच वर्षं मालिकांत कामं करून तो स्वतःचा पहिला चित्रपट करायला राजापूरकडच्या आमच्या गावी आला होता. त्या दिवशी ग्रामदेवतेपुढचं गाऱ्हाणं टिपायचं होतं आणि भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत जायचा होता. देवळात कापूर, धूप आणि घामाचा वास कोंडला होता. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी नारळ हातात धरून देवाला साकडं घातलं, "बा महाराजा, या पोराचा सिनेमा तडीस ने!" गाव ओरडलं, "होय महाराजा!" आणि आमचा दिग्दर्शक हात जोडून थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला. जन्माची सवय! "काका, परत एकदा घ्यायचं," तो ओशाळून म्हणाला. "देव काय बहिरा हाय? एकदा सांगून झालं," म्हणत मानकरी पायऱ्या उतरू लागले. दीर रडकुंडीला आला. "वहिनी, आता काय करू?" मी मानकऱ्यांना गाठलं. "काका, तेच नको. दुसरं मागणं चालेल ना?" "चालेल की. पण मागू काय?" मी कानात सांगितलं. ते मागे फिरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा महाराजा, हा पोरगा नट होता, आता दिग्दर्शक झालाय. त्याला कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायची बुद्धी दे!" "होय महाराजा!" या वेळी दीर जागचा हलला नाही, पण सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. चित्रपटात त्याचं ते "होय महाराजा!" तसंच राहिलंय. परवा पुन्हा पाहिला. त्याच्या आजवरच्या कामात मला मनापासून पटलेलं वाक्य तेवढं एकच.