दारापासून जिन्यापर्यंत

“थांबा जरा, पहिला गिअर पडत नाय,” असं म्हणून काका पॅसेजच्या मधोमध उभे राहायचे. पाय जागच्या जागी थरथरायचे, अंग पुढं झुकायचं, पण पाऊल काही उचलायचं नाही. मागं दोघंतिघं खोळंबले की मान न वळवता विचारायचे, “शीळफाट्यासारखा ट्रॅफिक झाला काय रे मागं?” मग काठी उलटी धरून तिची मूठ पायासमोर आडवी टेकवायचे आणि ती ओलांडून असे चालू लागायचे, की मघाशी अडकलेला माणूस हाच का, असं वाटावं.

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका टोकाला ते राहायचे, दुसऱ्या टोकाला जिन्याशेजारी मी. उभी हयात त्यांनी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत ड्रायव्हर म्हणून काढली. निवृत्त झाले आणि कंपवातानं गाठलं. तरी रोज पाच वाजता ते गेटजवळच्या बाकावर जायचेच. तिथं त्यांचे जुने दोस्त जमायचे आणि कुठल्या घाटात कुणाचा ब्रेक कसा लागला नाही, याच्या त्याच त्या गोष्टी रंगायच्या. त्या तासाभरासाठी ते बाकीचा दिवस ढकलतात, असं काकू म्हणायच्या.

तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल. आपण दुरून बघतो आणि मत बनवून मोकळे होतो. माझं मत असं, की काका थोडं नाटक करतात. कारण जिना ते धडाधड उतरायचे. सपाटीवर अडणाऱ्या माणसाला जिना बरा जमतो, असं मी बायकोला ऐकवायचो. “तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?” ती विचारायची.

एकदा जुन्या शहाबादी फरशीचा एकेक सांधा निरखत, ओलांडत ते येत होते. मी म्हटलं, “काय काका, लंगडी खेळताय?”

“लाइन दिसली की गाडी जाते रे,” ते हसून म्हणाले. मीही हसलो. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीच्या हाताला नोटीस लिहायची खाज असते. गेल्या वर्षी मी हट्टानं ती फरशी काढून गुळगुळीत, सांधासुद्धा दिसणार नाही अशा टाइल्स बसवल्या. आठवड्याभरात त्यांच्या दारापासून जिन्यापर्यंत, पावला-पावलाच्या अंतरावर, लाल चिकटपट्ट्या उमटल्या. माझं डोकंच फिरलं. ‘सामाईक जागा विद्रूप करू नये’ अशी नोटीस लावली आणि त्याच दिवशी सफाईवाल्याकडून पट्ट्या खरवडून काढल्या. बेल दाबून कारण विचारावं, एवढंही मला सुचलं नाही.

तेव्हापासून बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसू लागली. दोस्तांनी मला दोनदा विचारलं. “वय झालं आता,” मी सांगून टाकलं. तीन महिन्यांनी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ते गेले.

काकूंना भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत खाटेपासून लाल पट्ट्या निघाल्या होत्या, त्या थेट उंबऱ्यापर्यंत. मी बघतोय हे काकूंनी पाहिलं.

“डॉक्टरांनीच सांगितलेलं,” त्या म्हणाल्या. “चालायचा निरोप मेंदूकडून पायाला वेळेवर जात नाही. समोर रेघ दिसली की जातो. जिन्याला पायऱ्या असतात ना, म्हणून जिना जमायचा. नव्या टाइल्सवर काठी घसरून एकदा पडले, मग पट्ट्या लावल्या.”

“काकू, मला एकदा सांगायचं तरी.”

“मी निघालेले तुमच्याकडे. ह्यांनी अडवलं. म्हणाले, विनंती माझी आहे, मी स्वतः जाऊन करणार. रोज पाच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून इथपर्यंत यायचे.” त्यांनी उंबऱ्यावरच्या शेवटच्या पट्टीकडे बोट दाखवलं. “पुढं तुमच्या दारापर्यंत एकपण रेघ नव्हती.”

मला माफी मागायची होती, पण ज्याची मागायची तो माणूस नव्हता.

पट्ट्या खरवडल्या तरी त्यांचा गोंद टाइल्सवर राहिलाय. संध्याकाळी खिडकीतून ऊन तिरपं आलं की एकेक रेघ दिसू लागते, त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत. थिनर लावून साफ करू का, असं सफाईवाला दोनदा विचारून गेला. मी राहू दे म्हणालो.