बंद हंगामातला अर्ज

माझी धाकटी जाऊ रेंजर आहे. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण नातेवाइकांत, शेजारणींत, शाळेच्या स्टाफरूममध्ये ते बोलायची वेळ आली की माझा आवाज आपोआप बारीक होतो. कारण पुढचं मला ठाऊक असतं. "अय्या, रेंजर? म्हणजे खाकी गणवेशातली? जीपमधून फिरणारी?" आणि मग कुणीतरी सवयीने विचारतं, "आणि तुम्ही काय करता?" मी दुपारच्या शाळेत भूगोल शिकवते, मॅडम. नकाशात जंगलं मीही दाखवते.

पण शेजारणींचं मला काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो दादांमुळे.

दादा म्हणजे आमचे सासरे. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते आमच्याबरोबर राहतात. सासूबाई गेल्या तेव्हापासून त्यांचं चहापाणी, औषधं, शुगर, इन्सुलिन, सगळं माझ्याकडे. नोकरी त्यांनी वनखात्यात केली, कारकून म्हणून. त्या काळी पाखरांची शिकार कायदेशीर होती, पण परवाना काढून. दादांच्या टेबलावर हे परवाने व्हायचे. चितूर, लाव्हरी, पखुर्डी, अशी माळावरच्या गवतात लपणारी पाखरं. कुठल्या महिन्यांत मारायची, कुठल्या माळावर, एका बंदुकीला किती, हे सगळं ठरलेलं. आणि पावसाळ्याचे महिने अजिबात नाही, कारण तेव्हा पाखरं अंड्यांवर असतात. त्याला म्हणायचे बंद हंगाम. दादांनी स्वतः आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. घरात बुद्धवंदना म्हणणारा माणूस, पाखरू कसलं मारतोय. पण बंद हंगाम हा शब्द त्यांच्या तोंडात जो बसला तो बसलाच. पुढे कायद्याने शिकारच बंद झाली, परवान्याचं टेबल गेलं, दादा निवृत्त झाले, शब्द मात्र घरी आला.

आमच्या घरात आंबा संपला की आंब्याचा बंद हंगाम. ह्यांचं आणि दादांचं वाजलं की दोन दिवस बोलण्याचा बंद हंगाम. वर्षावास लागला, विहारात रविवारचं ग्रंथवाचन सुरू झालं, की दादा तिथल्या बायकांना समजावणार, "भिक्खू पावसाळ्यात एका जागी का थांबतात? पायाखाली जीव मरू नयेत म्हणून. बुद्धांनी काढलेला बंद हंगाम आहे हा." बायका माना डोलावणार. मी मागे बसून घड्याळ बघणार, कारण दादांची खायची वेळ झालेली.

त्यांची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेत सांगेन. दादा नोकरीत नवे, भर श्रावणात कुणी बडी असामी मोटार घेऊन आली. मला परवाना पाहिजे, पाहुणे आलेत. टेबलावर मिठाईचा खोका. दादा म्हणाले, बंद हंगाम आहे, साहेब. खोका परत. वर तक्रार गेली, पण दादांचा साहेब त्यांच्या पाठीशी उभा राहिला. गोष्टीच्या शेवटी दादा बोट वर करून सांगतात, "ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो-ला काय अर्थ? अर्ज करावा तर नाही म्हणणाऱ्याकडे." हे सांगताना डोळे कसे चमकतात त्यांचे!

आणि मी नाही म्हटलं की? तेव्हा कुठे जाते ती चमक? पेढ्याला मी नाही म्हणते. जिलबीला नाही. चहात दुसऱ्या चमच्याला नाही. तेव्हा हाच मनुष्य खालच्या किराणा दुकानदाराला सांगतो, "मोठी सून म्हणजे चेकपोस्ट आहे. माशी गेली तरी अडवते." दुकानदार मला हे हसत हसत सांगतो. मी पण हसते. घरी येऊन भांडी जरा जोरात घासते.

तर अशा घरात धाकटी आली. लग्नानंतर अभ्यास करून परीक्षा पास झाली आणि तिला मिळालं काय, तर माळरानाचं अभयारण्य, पुण्यापासून दोनेक तासांवर. चितूर, लाव्हरी, पखुर्डी! दादांचं अख्खं जुनं टेबल जिवंत होऊन तिच्या ताब्यात. दादा तिला सूनबाई म्हणतच नाहीत. "साहेब" म्हणतात. संध्याकाळी साहेबांचा फोन येतो, दादा स्पीकर लावतात, आणि मी ओट्याशी भाकऱ्या थापत ऐकते. आज घरटं सापडलं. आज कुणाचा तरी कुत्रा आत शिरला होता. आज एका फोटोवाल्याला दंड केला, घरट्याच्या फार जवळ गेला होता. "शाब्बास, साहेब!" दादा मांडीवर थाप मारतात. मग हळूच फोनमध्ये चितुराचा आवाज काढून दाखवतात, क-तीतर, क-तीतर, आणि ती पलीकडून खिदळते. माझ्यासाठी त्यांनी कधी पाखराचा आवाज काढला नाही. मी विचारलंही नाही म्हणा. पण विचारायला कशाला पाहिजे?

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. नुसता नाही, पोटात दुखेपर्यंत. बरं, मुलगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती मला ताई म्हणते, येताना माझ्यासाठी रानातला मध आणते. आणि दादांसाठी आणते पेढे! मी डोळे वटारले की दादा म्हणतात, "साहेबांनी परवाना दिलाय." तिच्या हातून दोन पेढे खातात, लहान मुलासारखे बोटं चाटतात. मग ती जीपमध्ये बसून निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला सुई टोचून मशीनवरचा आकडा बघायला कोण असतं? चेकपोस्ट.

गेल्या उन्हाळ्यात तिला अभयारण्याच्या गेटजवळ सरकारी क्वार्टर मिळालं. आमचे दीर घरून काम करतात, तेही तिकडेच गेले. आणि एका संध्याकाळी स्पीकरवर आलं, "दादा, आता तुम्ही कायमचे इकडे या. खिडकीतून माळ दिसतो. सकाळी चितूर ओरडतात, अलार्म लावावा लागत नाही."

माझी तव्यावरची भाकरी करपली.

"बघू," दादा म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी बूट काढून पॉलिश केले. जुनी दुर्बीण पुसली. मी बघत होते सगळं. हे म्हणाले, "अगं, थोडे दिवस जाऊ दे त्यांना, तुलाही आराम." आराम! मी तोंडाने म्हणत होते, "जाऊ देत की, मी कुठे अडवलंय?" माळ्यावरची बॅग मीच स्टूलवर चढून काढली, आणि त्यात त्यांचे स्वेटर असे कोंबले की चेन लागेना. मला काय हवं होतं ते माझं मला माहीत होतं. त्यांनी म्हणायला हवं होतं, नाही, मी इथेच बरा. हे एक वाक्य. ते काही येईना. आणि ते आलं नाही तर इतकी वर्षं मी जे केलं ते निव्वळ औषधं मोजणं ठरणार होतं.

आषाढी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही निघालो. हे गाडी चालवत होते, दादा पुढे, मी मागे बॅगेशेजारी. आदल्या दिवशी विहारात वर्षावास सुरू झाला होता आणि दादांचं बंद हंगामाचं प्रवचनही झालं होतं. आळंदी रस्ता मागे पडल्यापासून दादा माळावरच्या गवताबद्दल बोलत होते. गेटपाशी पोचलो तर गेट बंद, त्यावर फळी लावलेली: विणीचा काळ, आतले रस्ते बंद. धाकटी गणवेशातच समोर आली. दादांनी काच खाली केली.

"साहेब, गाडीतूनच. खाली पाय नाही ठेवत. एक चितूर ऐकतो आणि मागे फिरतो."

धाकटीने कमरेवर हात ठेवले. "दादा, बंद हंगाम."

आणि दादा? दादा रागावले नाहीत. ते असे खूश झाले, असे खूश झाले, की गाडीतून उतरले आणि तिथल्या वनरक्षकाचा खांदा धरून त्याला सांगू लागले, "बघितलंस? सासऱ्याला अडवलं! सख्ख्या सासऱ्याला! ह्याला म्हणतात अधिकारी. ही माझी धाकटी सून. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास." मग त्यांना मी दिसले. "आणि ही आमची मोठी. घरची."

घरची! डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या. मी पेढा अडवला तर चेकपोस्ट, आणि हिने गेट अडवलं तर अधिकारी. मी रोज नाही म्हणते तेव्हा किराणावाल्याकडे तक्रार, आणि ही वर्षातून एकदा नाही म्हणाली तर मिरवणूक काढायची बाकी ठेवली. मला वाटलं, बॅग इथेच उतरवावी आणि म्हणावं, राहा इथेच तुमच्या साहेबांकडे.

क्वार्टरमध्ये चहा झाला. खरंच, खिडकीतून माळ दिसत होता, हिरवागार, गुडघाभर गवत. दादांसाठी खाट मांडलेली, वर नवी चादर, खिडकीशी खुर्ची. धाकटीने किती मनापासून केलं होतं सगळं, हे दिसत होतं, आणि ते दिसत होतं म्हणूनच जास्त टोचत होतं. ती म्हणाली, "दादा, बॅग आणू आत?"

दादांनी कप खाली ठेवला. घसा साफ केला. "असं कसं? परवाना लागेल."

"कसला परवाना?"

"हद्द बदलायची म्हणजे परवाना नको?" आणि ते माझ्याकडे वळले. चक्क वळले, खुर्चीसकट. "अर्ज तुझ्याकडे आहे. मी इथे राहू का? बोल."

हे चहा पिताना थांबले. दीर लॅपटॉपवरून मान वर करून बघायला लागले.  उत्तर माझ्याकडे तयार होतं, आठवडाभर पाठ केलेलं. राहा की, दादा, हवा चांगली आहे, आम्ही येत जाऊ. मोठ्या मनाची मोठी सून. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं, तर, "नाही."

"का?" धाकटीने विचारलं.

का? माझ्याकडे कारण नव्हतं. सुचलं ते बोलले. "वर्षावास सुरू झालाय. पावसाळ्यात मुक्काम हलवायचा नसतो."

"मग अश्विनी पौर्णिमेनंतर? तेव्हा वर्षावास संपतो, ताई. आमचाही बंद हंगाम संपतो तेव्हा."

"तेव्हाही नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा, आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. "तुझा संपत असेल, माझा नाही संपत. माझ्याकडे बारा महिने बंद आहे. यायचंय त्यांनी चार दिवस, यावं. पण राहायला नाही. मी नाही सोडणार."

 मला वाटलं, झालं, आता किराणावाल्याला वर्षभर पुरेल इतकी गोष्ट मिळाली.

दादा खुर्चीत मागे रेलले. चेहरा असा, जसा गेटपाशी होता. नाही, तसाही नाही. गेटपाशी ते जोरात हसले होते. इथे ते नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मला नाही नाही म्हणतेस. आज पहिल्यांदा माझ्या मनासारखं नाही म्हणालीस."

मी पदर तोंडाशी धरला. हे उगीचच गाडीची चावी शोधायला लागले.

धाकटी उठली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने कपाटातून पेढ्यांचा खोका काढला, नेहमीसारखा, आणि दादांसमोर धरला. "निदान हे तरी घ्या, दादा."

दादांचा हात मांडीवरून हलला नाही. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं.

धाकटीचा हात खोक्यासकट हवेत तसाच राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं मी ते भाकऱ्या थापताना माझ्याच तोंडावर वागवलं होतं. तिची कीव यायला हवी होती. नाही आली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"अर्धा," मी म्हणाले.