श्रीच्या जागी हॅशटॅग

आमच्या घरचा मार्केटिंग विभाग माझ्याकडे आला तो काही माझ्या गुणांमुळे नाही. माझी बायको हलव्याचे दागिने करते, आणि त्या कामात माझा उपयोग शून्य आहे हे लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सिद्ध झालं होतं. शेगडीवरच्या परातीत तीळ होते. त्यांच्यावर थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, एवढंच काम. माझ्या हातून हलव्याला काटा यायच्या ऐवजी परातभर एकच वडी झाली. "तुम्ही उठा," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून मी उठलेलाच आहे.

तिला हलवा शिकवला माझ्या आत्याने. आत्याच्या हलव्याला असा काटा यायचा की लोक दाणा आधी उजेडात धरून बघत आणि मग तोंडात टाकत. दिवाळीनंतर दरवर्षी ती आमच्याकडे मुक्कामाला यायची आणि पहाटेच्या गारठ्यात दोघी परातीपाशी बसायच्या. आता आत्याची बोटं वाकली आहेत. ती कात्रजला मुलाकडे असते आणि सांगते, "हात मी सूनबाईला देऊन टाकले."

बरीच वर्षं आमचं काम तोंडी चाललं. कुणाच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत, कुणाच्या नातवाचं बोरनहाण, असं एकीकडून दुसरीला कळायचं. मग हळूहळू ओळखीतल्या सगळ्या सुना जुन्या झाल्या. नव्या सुना कुठे असतात याचा आम्ही शोध घेतला, तर त्या फोनमध्ये होत्या. गेल्या थंडीत बायकोने नथ, बाजूबंद, तन्मणी असं सगळं करून ठेवलं आणि त्यातलं निम्मं संक्रांतीनंतर आम्हीच चहाबरोबर खाल्लं. बाजूबंद खाताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जमलं तर जमलं. नाहीतर परात माळ्यावर टाकायची." ती असं सहज म्हणते तेव्हा ते ठरलेलं असतं.

म्हणून मी पुढे झालो. लघुउद्योजकांसाठी एक मोफत कार्यशाळा होती, तिथे जाऊन बसलो. माझ्या आजूबाजूला मेणबत्त्यावाल्या, पापडवाल्या आणि एक कुत्र्यांचे स्वेटर करणारी, अशा सगळ्या स्वतःच्या कामाच्या बायका होत्या. बायकोच्या कामाचा मी एकटाच. तिथे मला हॅशटॅग कळला. जाळीसारखं चिन्ह घालून शब्द लिहायचा. त्या शब्दावर बोट ठेवलं, की जगात ज्यांनी ज्यांनी तो शब्द लिहिला त्यांचं सगळं एकाखाली एक दिसतं. घरी येऊन मी दागिन्यांच्या पहिल्याच फोटोखाली तीस हॅशटॅग घातले. त्यात प्रेम होतं, निसर्ग होता, मुंबई होती आणि फिटनेसही होता.

बंगळुरूहून मुलीचा फोन आला. "बाबा, साखरेच्या दागिन्यांना फिटनेस?"

"लोक बघतात ना तो."

"लोक बघतात, पण हलवा घ्यायला नाही बघत. मोठ्या टॅगमध्ये तुमचा फोटो दोन मिनिटांत खाली जातो. छोटे घ्या ना. पहिली संक्रांत, बोरनहाण, धायरी, सिंहगड रोड. आणि एक तुमचा स्वतःचा, जो दुसरं कुणीच वापरत नाही."

हे मला पटलं. मी आमचा स्वतःचा टॅग काढला, #आमच्याघरचाहलवा. त्याचं मला इतकं कौतुक वाटलं की लगेच त्या नावाच्या पाचशे खोक्यांची छपाई सांगितली, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्या सर्वांनी हा टॅग वापरून सहकार्य करावं, ही विनंती." कुठे वापरावा, कधी वापरावा, यातलं काहीही मी लिहिलं नाही. पिंजऱ्याचं दार असं स्वतःच्याच हाताने ओढून घेतलं.

आमच्या घराण्यात कुठलाही कागद श्रीशिवाय सुरू होत नाही. लग्नाची यादी असो, विजेच्या बिलाची तक्रार असो, दुधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी असो, वर मधोमध श्री पाहिजे. माझी विनंती वाचून आत्याने तासाभरात ग्रुपवर आदेश काढला, "सूनबाईच्या कामासाठी नवीन श्री निघाला आहे. यापुढे प्रत्येकाने फोनवर जगासाठी काहीही लिहिताना वर तो लिहावा. हयगय नको."

आत्याच्या शब्दाला आमच्यात अपील नाही.

चारच दिवसांनी मी मोठ्या हौसेने आमच्या टॅगवर बोट ठेवलं. सगळ्यात वर आमचा तन्मणी होता. त्याच्याखाली ठाण्याच्या चुलतभावाच्या गुडघ्याचा एक्स-रे. त्याखाली कोथरूडच्या काकांच्या गल्लीतला न उचललेला कचरा, तीन बाजूंनी काढलेला. मग एक हरवलेलं मांजर. मांजराच्या डोक्यावर लिहिलं होतं, #आमच्याघरचाहलवा, आणि खाली, "कुणाला दिसल्यास कळवावे."

मी बायकोला दाखवलं. तिने बोटाने खालपर्यंत सरकवून सगळं पाहिलं. म्हणाली, "एक्स-रे स्वच्छ आलाय."

"पुसता येईल का गं हे?"

"मला काय विचारता? विभाग तुमचा."

पुसता येत नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेलं दुसऱ्याचं. शब्द रस्त्यावर ठेवला की त्यावरून कुणीही चालावं, आणि आमचे नातेवाईक तर संचलनाला निघाल्यासारखे चालत होते. ग्रुपवर लिहायला मी कितीदा बसलो. "कृपया टॅगचा वापर जपून करावा," असं लिहिलं आणि खोडलं. हे सगळं आपल्यासाठी करताहेत, आणि आपण त्यांना म्हणायचं की करू नका? काकांनी आमच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा काही केलं होतं, ते कचऱ्यावर असलं म्हणून काय झालं.

आणि तरीही, आमच्या छोट्या छोट्या टॅगांनी आपलं काम चोख केलं. मार्गशीर्षात हडपसरच्या एका बाईंनी 'पहिली संक्रांत' शोधता शोधता आमची नथ पाहिली आणि फोन केला. त्या शाळेत शिक्षिका. लेकीचं नवं लग्न झालेलं, तिचा पूर्ण संच, जावयांना हार आणि हलव्याचा नारळ. शिवाय त्यांच्या स्टाफरूममधल्या निम्म्याजणी त्या वर्षात सासूबाई किंवा आजी होणार होत्या, आणि सगळ्या यांचं काम बघून ठरवणार होत्या. बायकोने फोन ठेवला आणि परात घासायला घेतली. पुढचे कितीतरी दिवस पहाटे घरात गरम साखरेचा वास होता. मागची खोली हलव्याला दिल्यामुळे मी हॉलमध्ये झोपत होतो, आणि तरी मला बरं वाटत होतं.

लेकीचा संच पुरा होत आला असताना त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. बायकोचे हात पाकात होते, म्हणून मी घेतला.

"ताई आहेत का?"

"मी त्यांचा मिस्टर. बोला ना."

"मग तुम्हीच सांगा. हे गृहस्थ कोण?"

"कोणते?"

"हार घातलेले. तुमच्या हलव्यावर."

मी टॅग उघडला. आत्याचे चुलत दीर गेले होते. आत्याने त्यांचा फोटो टाकला होता. वर मधोमध #आमच्याघरचाहलवा, खाली "कळवण्यास अत्यंत दुःख होते की", आणि शेवटी दशक्रियेची वेळ.

"ते आमच्या आत्याचे दीर," मी म्हणालो. "म्हातारे होते तसे."

"अहो भाऊ, असतील. पण माझ्या लेकीचा पहिला सण आहे. मी तिच्या सासूला कौतुकाने म्हटलं, दागिने बघून घ्या. तिने बघितलं. म्हणते, दागिने बघायला गेले आणि दशक्रियेची वेळ कळली."

"मी बघतो काय ते," मार्केटिंग विभाग म्हणाला.

"तिच्या मनात पाल चुकचुकलीय आता. उद्या संध्याकाळी सांगते मी काय ते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बायकोने सगळं ऐकलं होतं. पाटावर काळ्या कापडात शुभ्र हार पडला होता. तिने त्यावर दुसरं कापड ओढलं.

"आत्यांना सांगायला हवं."

"हवंच."

"तुमच्या आत्या आहेत."

"तुझ्या गुरू आहेत."

"म्हणून तर मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्रजला निघालो. नवले पुलापाशी ट्रक आडवा झाला होता आणि पुढेही जाता येत नव्हतं, मागेही. आजूबाजूचे लोक हॉर्न मारत होते, एकमेकांच्या शिक्षणाची चौकशी करत होते. त्या गर्दीत मी एकटाच समाधानी होतो. दुर्दैवाने ट्रक हलला.

आत्या खिडकीपाशी बसली होती. मांडीवर उशी, उशीवर फोन. वाकलेल्या बोटाचं पेर टेकवून ती एकेक अक्षर उमटवत होती. आ. म. च्या. चुकलं की पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

"आत्या, हे एकदाच लिहून ठेवता येतं. मग दर वेळी नुसतं कॉपी करायचं. थांब, दाखवतो."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "श्री कुणी कॉपी करतं का रे?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"सकाळी दुसरं काय आहे मला," ती पुन्हा अक्षरं शोधत म्हणाली. "हे लोक मला गॅसपाशी जाऊ देत नाहीत. परात बघूनसुद्धा वर्ष झालं. एवढं मात्र होतं अजून." मग एकदम विचारलं, "फरक पडतोय ना?"

"पडतोय."

"कितपत?"

"खूप पडतोय, आत्या. हडपसरपर्यंत."

ती इतकी खूश झाली की तिने सुनेला पोहे करायला लावले. निघताना मला म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, मी आहे."

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. "सांगितलंत?"

"पोहे छान झाले होते."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण ती आत वळली आणि म्हणाली, "बरं झालं. रात्रभर मला वाटत होतं, तुम्ही खरंच सांगाल."

मग मुलीला फोन. ती म्हणाली, "टॅगला मालक नसतो बाबा. नवीन घ्या. आणि प्लीज, या वेळी ग्रुपवर टाकू नका."

दुपारभर बसून मी #काट्याचाहलवाधायरी असा नवा टॅग केला, त्यावर सगळे चांगले फोटो चढवले आणि संध्याकाळच्या आत हडपसरला पाठवले. बाईंनी ते विहीणबाईंना दाखवले. बराच वेळ आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. मग उत्तर आलं, "आता ठीक आहे. ते गृहस्थ दिसत नाहीत. संच पाठवा."

सुटलो असं मला वाटलं, ते रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. वरणभात कालवताना लक्षात आलं, जुन्या टॅगवर आमचे दागिने यायचे थांबले तर आत्याला कळणार. ती रोज बघते. म्हणजे जुनाही चालू ठेवायला हवा. तेव्हापासून मी रोज सकाळी दोन दुकानं उघडू लागलो. गिऱ्हाइकांसाठी नवा टॅग, आत्यासाठी जुना. जुन्यावर तुटके बाजूबंद आणि काटा न आलेले दाणे, छान उजेडात ठेवून. आत्या प्रत्येकाला पसंतीचा अंगठा द्यायची. एकदा तिने खाली लिहिलं, "पाक घट्ट झाला आहे. सूनबाईला सांग." बायकोने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

राहिली ती छापलेली खोकी, जुन्या टॅगची. नवी छापावीत असं मी सुचवलं. बायको म्हणाली, "आणि ही काय करायची? पाचशे खोक्यांत आपण राहायला जायचं?" मग मी प्रत्येक खोक्यावर जुन्या टॅगवर नव्या टॅगची पांढरी पट्टी चिकटवत बसलो. चिकटवलेली पट्टी तरी सरळ आहे, असं बायकोने कबूल केलं. संसारात मला मिळालेली ही हस्तकलेतली पहिली शाबासकी.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी ग्रुप घणघणायला लागला. मी उघडला. आत्याने एक फोटो पाठवला होता. काळी साडी नेसलेली एक मुलगी, कपाळावर हलव्याची बिंदी, नाकात आमची नथ, शेजारी हार घालून अवघडलेला नवरा. हडपसरच्या बाईंच्या विहीणबाईंनी हौसेने सुनेचा फोटो टाकला होता आणि खोक्यावर वाचून खाली टॅगही घातला होता. थंडीत डिंक वाळून माझी पट्टी गळून पडली होती. त्यांनी लिहिलं होतं, #आमच्याघरचाहलवा. जुन्या टॅगवर आता सगळ्यात वर ती मुलगी होती, तिच्याखाली माझे तुटके बाजूबंद, मग कचरा, आणि बरंच खाली, हार घालून, ते गृहस्थ.

फोटोखाली आत्याचा आदेश होता, "बघा. सगळ्यांनी वर लिहिलंत म्हणून हे झालं. पुढच्या वर्षीही हयगय नको. कोणी कोणी लिहिलं नाही ते माझ्या लक्षात आहे."

काकांनी हात जोडले. ठाण्याच्या भावाने दुसऱ्या गुडघ्याच्या एक्स-रेची तारीख कळवली.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. हडपसरच्या बाईच होत्या. स्टाफरूममधल्या चौघींना पुढच्या संक्रांतीचं आत्ताच सांगून ठेवायचं होतं. बायको "हो, हो" म्हणत होती आणि तिची नजर परातीवर होती. परात माळ्यावर जाणार नव्हती. मीही कुठे जाणार नव्हतो. पुढची थंडी, दोन टॅग, कचरा, मांजर, गुडघे, सगळं समोर दिसत होतं.

फोन ठेवून तिने ग्रुप वाचला. "आत्या उत्तराची वाट बघत असतील," ती म्हणाली. "लिहा काहीतरी."

"काय लिहू?"

"होय आत्या, म्हणा. दुसरं काय म्हणणार आहात?"

मी लिहिलं, "होय आत्या." पाठवणार तोच तिने माझा हात धरला आणि 'होय'च्या वरची मोकळी जागा दाखवली. जुना टॅग फोनमध्ये तयारच होता, नुसता उचलून ठेवायचा. मी उचलला, आणि मग पुसला. पहिल्यापासून सुरुवात केली. आ. म. च्या.