तिसऱ्या मजल्यावरची नऊ मिनिटं

माझं शेवटचं पोस्टिंग पश्चिम सीमेजवळच्या एका शहराबाहेर होतं. एअर डिफेन्स, रँक सुभेदार. तिथे सायरन झाला की दोन मिनिटांत सगळे मोर्च्यात, म्हणजे आपापल्या खंदकात, आणि धोका टळल्याचा ऑल क्लिअर वाजल्यावर पहिलं काम हेड काउंट. कोणाला ताप आहे, कोणाचा गुडघा दुखावलाय, सगळं माझ्या डायरीत असायचं. शहरातल्या लोकांना आम्ही एवढंच शिकवायचो: काचेपासून लांब राहा, आतल्या भिंतीला पाठ लावा, गॅस बंद, लाईट बंद, गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघू नका. लोक ऐकायचे, कारण त्यांनी स्फोट ऐकलेले होते.

रिटायर होऊन कर्वेनगरला आलो. आमची सोसायटी चार मजली, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. यंदा सीमेवर वातावरण तापलं, पुण्यात सायरनची प्रॅक्टिस जाहीर झाली आणि सेक्रेटरी जोगळेकर माझ्या दारात हजर.

"सुभेदार, तुम्ही आपले वॉर्डन. नाही म्हणू नका, नाहीतर मला व्हावं लागेल. आणि माझं माझ्या घरातसुद्धा कोणी ऐकत नाही."

हो म्हणालो. खरं सांगतो, बरं वाटलं. चार वर्षं मला कोणी काही विचारलं नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये ब्रीफिंग घेतलं. तीसेक माणसं आली. मी ऑर्डर वाचल्या. सायरन वाजला की घराच्या मधल्या पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून, कानांवर हात ठेवून बसायचं. ऑल क्लिअरपर्यंत खिडकीच्या खोलीत पाय टाकायचा नाही. फोन करायचा नाही, लाईन मोकळी ठेवायची. गेटमधून आत-बाहेर बंद.

एका मुलीनं विचारलं, "अंकल, व्हिडिओ काढला तर चालेल?"

"काढा की," जोगळेकर म्हणाले. "ढिगाऱ्याखालून अपलोड करा."

सगळे हसले. मागच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या मेश्रामवहिनी मात्र माझी प्रत्येक ऑर्डर कागदावर उतरवून घेत होत्या. एकदा त्यांनी हात वर केल्यासारखा केला. मी बोलत राहिलो.

त्यांचे यजमान हवालदार मेश्राम, भंडाऱ्याकडचे, आमच्याच फौजेतले, माझ्या कितीतरी आधी रिटायर झालेले. पार्किंगमध्ये भेटले की टाचा जुळवून "जय हिंद साब" म्हणायचे. वयानं मोठा माणूस, मला अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, विजेवर चालणारं, आणि त्याच्याशिवाय त्यांना दहा मिनिटंही धड जात नव्हती. लाईट गेली तर म्हणून पलंगाशेजारी एक छोटं सिलिंडर असायचं. यातलं मला काही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. "लोक कीव करतात," म्हणून त्यांनी बायकोला बोलायला बंदी केली होती. वर्षभर ते खाली उतरले नव्हते. मला वाटलं, गावी गेले असतील. माझ्या पहिल्या मजल्यावरून दोन जिने चढून विचारायला काय झालं होतं मला! पण आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात डोकावत नाहीत, आणि तेवढं पुणेरीपण माझ्या अंगात भिनलं होतं.

ड्रिलच्या दिवशी दुपारी साडेतीनला जोगळेकर म्हणाले, "लोक लाईट बंद करणार नाहीत हो. टीव्हीवर ड्रिलचीच बातमी बघत बसतील."

"मग मीटररूममधला मेन स्विचच पाडू," मी म्हणालो.

दोन वाक्यांत निर्णय झाला. नोटीस लावली नाही, ग्रुपवर टाकलं नाही. युनिटमध्ये असा हुकूम दिला असता, तर आधी मेडिकलवाल्याला विचारलं असतं, सिग्नलवाल्याला विचारलं असतं. इथे कशाला विचारायचं? सोसायटी तर आहे.

चार वाजता सायरन वाजला. वॉचमननं मेन पाडला. मी घड्याळ लावून गेटवर उभा राहिलो. गॅलरीत कोणी नाही, गच्चीवर कोणी नाही. छाती फुगली माझी.

चार वाजून सहा मिनिटांनी मेश्रामवहिनी गेटवर आल्या. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. दुकानात गर्दी होती म्हणून उशीर झाला होता.

"भाऊ, जाऊ द्या. मला वर जायचं आहे."

जोगळेकरांनी गेट धरलं. "वहिनी, ड्रिल चालू आहे. भिंतीलगत खाली बसा."

"हौ, पण मला घरी जायचं आहे ना."

"विमान आलं की त्यालाही हेच सांगणार का, जरा थांब, मला मेश्रामांकडे जायचंय?"

मी हसलो. हे लिहायची लाज वाटते, पण हसलो. वहिनी भिंतीलगत बसल्या. दोन मिनिटं बसल्या असतील. मग त्यांची नजर वॉचमनच्या केबिनमधल्या बंद पंख्यावर गेली.

"लाईट गेली का?"

"गेली नाही, आम्ही घालवली," जोगळेकर म्हणाले.

पिशवी खाली पडली. "अहो साहेब, यांचं मशीन लाईटवर आहे! ऑक्सिजनचं मशीन!"

मला शब्द कळले, पण अर्थ पोचायला वेळ लागला. मग ओरडलो, "मेन चालू कर!"

वॉचमन म्हणाला, "साहेब, अजून ऑल क्लिअर नाही झालं."

त्याचं काय चुकलं? मीच शिकवलं होतं त्याला. धावत जाऊन मी स्वतः मेन वर केला. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. तीन मजले कसे चढलो, आठवत नाही. मागोमाग आलेल्या वहिनींनी किल्लीनं दार उघडलं.

आतल्या खोलीत मशीन पुन्हा घरघरू लागलं होतं. नळी जमिनीवर पडली होती. मेश्राम पॅसेजमध्ये होते. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर. मी सांगितलं होतं अगदी तसेच. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. खिशात फोन होता, चार्ज केलेला. सिलिंडर सहा पावलांवर होतं, पण ते पलंगाशेजारी, त्याच खिडकीच्या खोलीत. तिथे पाय टाकायला मी मनाई केली होती.

वहिनींनी सिलिंडर ओढत आणलं, मास्क लावला. श्वास होता, पण फार बारीक. मेश्रामांना खुर्चीवर बसवून जोगळेकर आणि मी खाली उतरवलं. सिलिंडर वहिनींच्या हातात. जोगळेकर रडत होते आणि पायऱ्या मोजत होते. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा ऑल क्लिअर वाजला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला ओळखलं. मास्क बाजूला करायला बघत होते. मी हात धरला.

"साब, किती मिनिटं?"

"नऊ."

"पोझिशन नाही सोडली," ते म्हणाले.

मी "शाब्बास" म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तेराव्या दिवशी वहिनींकडे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी सांगणार होती साहेब, त्या दिवशी पार्किंगमध्ये. तुम्ही मोठ्यानं बोलत होते, लोक हसत होते. राहून गेलं. यांना ऑर्डर वाचून दाखवल्या, तर किती खूश झाले! म्हणे, बऱ्याच वर्षांनी कोणी ऑर्डर दिली."

त्यानंतर मी सोसायटीतली सगळी दारं वाजवली. एका घरात फ्रिजमधलं इन्सुलिन, एका घरात सायरन ऐकूच न येणाऱ्या आजी, एका घरात वाफेच्या मशीनवरचं तान्हं बाळ. वर्षानुवर्षं मी या लोकांच्या गाड्यांचे नंबर ओळखत होतो. आता प्रत्येकाचं मजल्यानुसार नाव आणि गरज लिहून एक प्रत गेटवर ठेवली आहे. सगळ्यांना विचारल्याशिवाय मेनला कोणी हात लावत नाही.

मेश्राम लढाईत पडले नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याही स्मारकावर येणार नाही. म्हणून इथे लिहितो. हवालदार मेश्राम, राहणार कर्वेनगर, तिसरा मजला. हुकूम पाळताना गेले. हुकूम माझा होता.