गोमाजीची थाळी

कापडे गावातल्या आमच्या वाडीत गोमाजीचं घर अगदी शेवटचं, माझ्या परसाला लागून. आई वारली तेव्हा तो लहान पोर होता. मामाने त्याला मुंबईला गिरणीत नेलं, आणि गिरण्यांचा संप फिसकटल्यावर गोमाजी केस पिकवूनच परत आला. बायको नाही, मूल नाही. मधल्या काळात यायचा तो शिमग्याला नाहीतर गणपतीला. वाडीतल्या मयताला कधी पोचलाच नाही. मुंबईला निरोप जाईतो सगळं आटपलेलं असायचं, आणि तो परतल्यापासून वाडीत कोणी गेलं नव्हतं.

रिकाम्या घरात तो आवाज काढत बसायचा. तेलाच्या डब्याला भोक पाडून त्यात ओली सुतळी ओवायची आणि ओढायची, की डबा हंबरायचा. सुपात नाचणी घोळवायची. पत्र्यावर नारळाची करवंटी घासायची.

"काय रे, भांडी घासतोस की भजन करतोस?" मी कुंपणावरून विचारायची.

"वयनी, गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात जन्म गेला. गप घर खायला उठतं."

त्याला एकच हवं होतं, देवळातल्या भजनी मंडळीत बसायला. पण गळा नव्हता, आणि बुवा दत्ताराम म्हणायचा, "डबेवाल्याला कुठं बसवू?" शेवटी नवरात्रात आरतीनंतर थोडा वेळ दिला. गोमाजी मला म्हणाला, "एक नवा आवाज हाय. लहानपणी ऐकलेला. मंडपातच ऐका."

डबा हंबरला तशी पोरं हसली. नाचणी सुपात फिरली तेव्हा मात्र सगळे शांत झाले. दत्तारामसुद्धा टाळ मांडीवर ठेवून ऐकत होता. मग गोमाजीने काशाची थाळी काढली. मधोमध मेणाने काडी उभी चिकटवली होती. राख लावलेल्या चिमटीत ती धरून त्याने वरून खाली बोटं ओढली. थाळी घुमू लागली.

"अगो, कोण गेलं?" बयाबाईने पदर तोंडाला लावला.

आमच्यात ही थाळी बाराव्याला वाजते, गेलेल्याला वाटेला लावायला. एरवी तिला कोणी हात लावत नाही. बायका पोरं उचलून उठल्या.

दत्ताराम ओरडला, "देवीसमोर मयताची थाळी? अक्कल हाय का रे?"

"मयताची?" गोमाजी आमच्याकडे बघत राहिला. "आयशीच्या वेळी वाजत होती. घर माणसांनी भरलेलं. मला वाटलं, पावणे आले म्हणून वाजवतात."

देवीपुढे गोमूत्र शिंपडलं. मी हात जोडले, पण कोणासाठी ते देवीलाच ठाऊक.

त्यानंतर त्याला कुणी वाईट बोललं नाही, पण बस म्हणूनही कुणी म्हटलं नाही. परसातून आवाज येईनासा झाला.

माघात दत्तारामाची आई गेली. थाळी वाजवणारा म्हातारा भागोजी अंथरुणाला खिळलेला. बाराव्याच्या आदल्या दिवशी दत्ताराम स्वतः गोमाजीच्या दारात आला. "थाळी घेऊन ये."

गोमाजीने दाढी केली, सणाचा सदरा घातला. जाताना मला विचारलं, "वयनी, टोपी बरी दिसते ना?" बाराव्याला कोणी असं विचारत नाही. मी म्हटलं, "बरी दिसते."

दत्तारामाने त्याला घोंगडी अंथरून दिली. थाळी घुमली, बायका रडल्या. पान ठेवून झालं, रडणंही ओसरलं, तरी गोमाजीची बोटं थांबेनात. शेवटी दत्तारामाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"बस झालं रे. माणसांना घरी जायचं हाय."