चाचांनी काढलेली सात पावलं

भुताखेतांवर, साक्षात्कारांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. डोळ्यांना दिसतं तेच हातातून उतरतं, हे मुलींना अगदी छातीठोकपणे सांगत आले. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

साल १९७४. कोल्हापूर, मंगळवार पेठ. आमच्या घराला लागून दस्तगीरचाचांचा गाळा होता. चाचा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. नायिकेच्या डोळ्यातलं पाणी रस्त्याच्या पलीकडून दिसावं असा त्यांचा हात. मी ब्रश धरायला शिकले ती त्यांच्याकडे बघूनच. पण साठी ओलांडली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ऑपरेशनचं नाव काढलं की चाचा गाळ्यातून उठून जायचे. मुलं म्हणायला लागली होती, "अब्बा, आता बास करा."

अशात गडहिंग्लजहून एक डॉक्टर आले. नव्या दवाखान्यासाठी त्यांना सहा चित्रं हवी होती. सोबत एक जुनं कॅलेंडर आणलं होतं – लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या जपानी चित्रांचं, प्रत्येक पानावर एक देऊळ. तीच चित्रं हाताने, मोठी करून रंगवायची. चाचांनी पान नाकाला टेकवून पाहिलं आणि चक्क हो म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "मास्तरीणबाई, मला कडा दिसत न्हाईत. तू चौकोन सांगशील का? एवढं शेवटचं काम नीट झालं पायजे. म्हातारा आंधळा हुता म्हणून चित्र बिघडलं, असं कुणी म्हणायला नको."

बॅनरवाल्यांची पद्धत साधी असते. मूळ चित्रावर चौकोन आखायचे, फळीवर तेवढेच पण मोठे आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. चाचांनी फळीवर रेघांऐवजी दोरे ताणले, म्हणजे बोटांना चौकोन कळेल. शाळा सुटली की मी स्टुलावर बसून सांगायची, "तिसरी ओळ, पाचवा. छपराचं टोक, वर वळलेलं." चाचांचं डावं बोट दोऱ्यावरून सरकत तिथे पोचायचं आणि उजवा हात रंगवायला लागायचा.

काय उतरायचं म्हणून सांगू... आकाशाचा निळा वर गडद आणि खाली येता येता विरून गेलेला. तो चाचांनी ब्रश न लावता मलमलच्या बोळ्याने केला. देवळाचा शेंदरी खांब बर्फात असा उभा, की हात लावून बघावासा वाटे. मी कॉलेजात शिकलेली, पण असा निळा मला जन्मात जमला नसता. मला हेवा वाटायचा आणि अभिमानही.

पाच चित्रं झाली. सहाव्याचा मात्र घोटाळा होता. बर्फातलं देऊळ. त्या पानावर तारखांचा गठ्ठा चिकटवलेला होता, तो काढताना चित्राच्या खालच्या दोन ओळी सोलून निघाल्या होत्या. राहिला होता नुसता कोरा कागद. मी पानावर बोट ठेवून एकेक चौकोन सांगत गेले – "मोकळा. बर्फ धरा. मोकळा..." चाचांची पाठ माझ्याकडे होती, त्यांच्या आड फळी मला दिसत नव्हती.

ते बाजूला झाले तेव्हा बर्फात सात पावलं उमटलेली होती. उजव्या कोपऱ्यातून निघालेली, चौथं जरासं घसरलेलं. सातवं पायऱ्यांपाशी येऊन डावीकडे वळलेलं. माणूस कुठेच नाही.

"आली न्हवं बरोबर?" चाचांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

देवळात आलेला माणूस पायऱ्या सोडून डावीकडे कशाला जाईल? डॉक्टर कॅलेंडरशेजारी चित्र धरणार आणि म्हाताऱ्याला दिसत नाही हे तिथेच उघडं पडणार. रंग वाळल्यावर, चाचा शुक्रवारच्या नमाजाला गेलेले असताना, मी पांढऱ्याचे दोन हात मारून सातही पावलं बुजवली. डॉक्टर चित्रं बघून भारावून गेले. चाचांची मान ताठ राहिली, आणि त्यांनी स्वतःहून ब्रश ठेवला.

नऊ वर्षांनी मी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी पुण्याला गेले होते. तिथल्या लायब्ररीत जपानी चित्रांचं एक मोठं पुस्तक हाती लागलं. त्यात ते बर्फातलं देऊळ होतं, पूर्ण. खाली सात पावलं. बटर पेपर ठेवून मी ती गिरवून घेतली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी एसटीने गडहिंग्लज गाठलं. दवाखान्याच्या भिंतीवरच्या त्या चित्रात माझा पांढरा रंग इतक्या वर्षांत विरळ झाला होता आणि त्याखालून पावलं पुसट दिसायला लागली होती. चौकोन आखून ताडून पाहिलं. एकही पाऊल आपला चौकोन सोडून नव्हतं... घसरलेलं चौथंसुद्धा.

चाचा तोवर पूर्ण आंधळे झाले होते. गाळ्यासमोर बाज टाकून उन्हाला बसले होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, माफी मागितली. मला रडू आवरेना.

"पुसलीस ते ठाऊक हाय की मला," चाचा म्हणाले. "ओल्या पांढऱ्याचा वास आलता."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझंच सांगायला चुकलं, म्हणून पुसलीस."

"मी कुठे सांगितलं? मी तर मोकळा, मोकळा म्हणत होते, चाचा."

चाचांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "न्हाय गं पोरी. पाऊल म्हणालीस. सात येळा म्हणालीस. चौथ्याला म्हणालीस, घसरलंय. शेवटच्याला म्हणालीस, डावीकडं वळलंय. तू सांगशील तसं मी काढत गेलो."

चाचा आता नाहीत. ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. आणि मी त्या दुपारी 'मोकळा' याशिवाय दुसरं काही म्हणाले नव्हते, हे शपथेवर सांगते. मग चाचांना कुणाचा आवाज ऐकू आला, ते मला आजही सांगता येत नाही.